राखणदार आणि अडलेलं महाभारत

देशाच्या बाजारात एक नवा राखणदार आला. बसायचा दिल्लीत, नाव भारतीय स्पर्धा आयोग. त्याचा कायदा संसदेनं 2002 मध्येच केला होता. पण प्रमुख कोण असावा, न्यायाधीश की सनदी अधिकारी, यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मग 2007 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि संगनमत रोखणारी कलमं लागू व्हायला 20 मे 2009 उजाडला.

लोकांना वाटलं, हा बड्या शेठजींना आवरायला आलाय. 1969 च्या मक्तेदारीविरोधी कायद्यानं तशी सवयच लावली होती. आयोगाच्या दाराशी पहिल्या काही वर्षांतच आलेल्या एका गाऱ्हाण्यात मात्र शेठजी नव्हते.

2011 साली हिंदीतली ‘महाभारत’ मालिका बंगालीत डब होऊन दोन वाहिन्यांवर येणार होती. बंगाली कलावंत आणि तंत्रज्ञांची समन्वय समिती उठली, निर्माते-वितरकांची ‘ईम्पा’ ही संघटनाही उठली. दोघांनी वाहिन्यांना पत्रं धाडली, ही मालिका दाखवू नका. नाहीतर आमचं सहकार्य विसरा.

भीती खोटी नव्हती. तयार मालिकेला नुसते आवाज चढवायचे, म्हणजे खर्च कितीतरी कमी. उद्या सगळ्याच वाहिन्या त्या वाटेला लागल्या तर कोलकात्यातल्या टॉलीगंजच्या स्टुडिओतल्या लाइटमननं खायचं काय? शिवाय आपली भाषा, आपली संस्कृती हेही होतंच. इथे मात्र मला काशीराम दास आठवतात. बंगाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचलेलं महाभारत त्यांनी संस्कृतातूनच आणलं, जसं आपल्याकडे मुक्तेश्वरांनी आणि मोरोपंतांनी. तेव्हा कुणी त्यांच्या दारात धरणं धरल्याचं ऐकिवात नाही.

गाऱ्हाणं आयोगापुढे आलं आणि राखणदार पेचात पडला. समोर मक्तेदार नाही, हातावर पोट असलेली माणसं. पण दुसऱ्या बाजूला कुणीच न बोलावलेलं एक माणूस होतं: घरात टीव्हीपुढे बसलेली, हिंदी न समजणारी म्हातारी. तिनं काय बघायचं ते तिला न विचारताच ठरत होतं. आयोगाच्या बहुमतानं तिची बाजू घेतली. आपलं पोट राखायला चांगलं काम करावं, हवं तर सरकारकडे दाद मागावी. दुसऱ्याचा माल बाजारात येऊच न देणं हा त्यावरचा उपाय नव्हे. एका सदस्याला हे पटलं नाही, त्यानं वेगळं मत लिहिलं.

अपील न्यायाधिकरणानं मग निकालच फिरवला. वाहिन्यांच्या बाजारात ही समिती स्पर्धक नाहीच, मग संगनमत कसलं? राखणदार सर्वोच्च न्यायालयात गेला. 7 मार्च 2017 ला न्यायालयानं सांगितलं की बाजार म्हणजे फक्त प्रक्षेपण नव्हे, पश्चिम बंगालचा सगळा चित्रपट-टीव्ही उद्योग. संघटनांमागची माणसं त्याच धंद्यातली. हेतू कलावंतांच्या भल्याचा असेलही, पण स्पर्धा अडली, आणि कायदा बघतो ते एवढंच.

तक्रारीपासून निकालापर्यंत सहा वर्षं गेली. मधल्या काळात हिंदीत दुसरं एक ‘महाभारत’ 2013 मध्ये सुरू होऊन 2014 मध्ये संपलंसुद्धा होतं.