रुंदी नसलेल्या रेषांची बेरीज

रुंदी नसलेल्या रेषा शेजारी शेजारी कितीही मांडल्या, तरी त्यांचे क्षेत्रफळ शून्यच. तरीही बारावीचा विद्यार्थी संकलनाचे चिन्ह लिहितो आणि वक्राखालच्या जागेचे माप काढून दाखवतो. सूत्र पाठ असते, उत्तर जुळते, गुण मिळतात. हे घडले कसे, हे विचारायचे राहून जाते. न पटलेली गोष्ट कुणाच्या तरी अधिकारावर मानण्याला आपण एरवी अंधश्रद्धा म्हणतो. गणिताचा आधारच असा असेल, तर धर्माला जाब विचारण्याचा अधिकार त्याला कुठून मिळतो? हाच प्रश्न १७३४ साली बिशप बर्कली यांनी केला होता. कलनशास्त्रातली अतिसूक्ष्म राशी भागाकार करताना शून्य नसते आणि नंतर शून्य म्हणून टाकून दिली जाते. हे ज्यांना चालते, त्यांनी धर्मातल्या गूढांना हसू नये, असा त्यांचा रोख होता. त्या काळच्या मांडणीपुरता हा आक्षेप खरा होता.

त्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात कोशी आणि रीमान या गणितज्ञांनी दिले. ते शाळेत कसे पोचवावे, याचा मार्ग मात्र वर्ध्यात सापडतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथे भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी आणले आणि सेवाग्रामच्या ‘नई तालीम’ या शिक्षणपद्धतीत सूतकताई गणिताच्या जोडीला बसली. कातणाऱ्याचा वेग तासभर सारखा राहत नाही: आधी हात अडखळतो, मग बसतो, शेवटी थकतो. मग तासाचे सूत किती? तासाचे लहान तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यातला सर्वांत कमी वेग धरून एक बेरीज करा, सर्वांत जास्त वेग धरून दुसरी. खरे सूत या दोहोंच्या मध्येच असणार. हिशेब सोपा व्हावा म्हणून वेग वेळेच्या वर्गाइतका धरला, तर ० ते १ या अवधीसाठी १० तुकड्यांत या बेरजा ०.२८५ आणि ०.३८५ येतात, १०० तुकड्यांत ०.३२८३५ आणि ०.३३८३५. मधली फट एक दशांशावरून एक शतांशावर येते. इथे एकाही तुकड्याची रुंदी शून्य झालेली नाही, म्हणून बर्कलींचा आक्षेप इथे लागूच पडत नाही.

कुणी म्हणेल, हात अनंत तुकडे पाडू शकत नाही, तेव्हा शेवटची उडी श्रद्धेचीच. पण उडी घ्यावीच लागत नाही. वरच्या उदाहरणाचे खरे उत्तर एक तृतीयांश आहे; त्याऐवजी दुसरी कोणतीही संख्या पुढे करा. पुरेसे तुकडे घेतले की ती फटीबाहेर पडते. फटीत कायम उरणाऱ्या एकमेव संख्येलाच गणितात सीमा म्हणतात. १९४६ साली गांधीजींनी ग्रामस्वराज्याच्या आदर्शाची बाजू मांडताना काढता न येणाऱ्या युक्लिडच्या बिंदूचा दाखला दिला होता. तो आदर्श निष्ठा मागतो. सीमा मागते फक्त पडताळा. म्हणून गणिताच्या अनंतावरून धर्माचा अनंत सिद्धही होत नाही आणि खोडलाही जात नाही.

सतरा वर्षांच्या मुलांना हे झेपणार नाही, हा आक्षेप उरतो. सीमेची काटेकोर सिद्धता जड आहे हे कबूल. पण वरच्या रीतीत गुणाकार आणि बेरीज यांपलीकडे काही नाही. आपल्या बारावीच्या क्रमात अनिश्चित संकलनाची सूत्रे आधी येतात आणि निश्चित संकलन नंतर. हा क्रम उलटा करावा: आधी तुकडे, मग फट, शेवटी सूत्र.