तळहाताखाली

बसा. शक्यतो फरशीवरच.

उजवा तळहात शेजारी टेकवा. बोटं मोकळी सोडा. दाबू नका, नुसता ठेवा.

आधी गार लागतं. मग फरशीचं गार कुठलं नि आपली ऊब कुठली, ते कळेनासं होतं.

थांबा इथे. श्वास येऊ दे. जाऊ दे.

आता न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला एक फुटपाथ डोळ्यांपुढे आणा. खोका उलगडून त्याचा पुठ्ठा पसरलाय. कडेला एक मुलगा उभा आहे. गाण्यातल्या एका तुकड्याची वाट बघत.

त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात. गाणारा गप्प होतो, ड्रम तेवढे उरतात. काही सेकंदांचा खेळ. कूल हर्क, जमैकाहून आलेला डीजे, दोन सारख्या तबकड्या घेऊन हा तुकडा लांबवतो. एकीवरचा संपला की दुसरीवरचा. 11 ऑगस्ट 1973 ला तिथल्याच सेजविक अव्हेन्यूवर त्याच्या बहिणीने ठेवलेल्या पार्टीपासून हिपहॉपचं वय मोजतात.

त्या लांबलेल्या जागेत नाचणारे खाली उतरतात.

बघा. हात पडतो. मनगट दुमडतं. कोपर कुशीत रुततं. पाय हवेत जातात.

आणि तो मुलगा थांबतो.

फ्रीझ.

बाहेरून पुतळा. हाताचं काम मात्र चालूच. तोल पुढे गेला की बोटांची टोकं दाबतात, मागे आला की सैल पडतात. नखांच्या कडा पांढऱ्या होतात. अंगठ्याच्या मुळाशी धूळ.

तुम्हीही थोडं वजन द्या हातावर. थोडंच.

बोटांना कुणी सांगितलं?

उत्तर शोधू नका. आपल्याकडे 'अंगवळणी पडलं' म्हणतात. मनवळणी कुणी म्हणत नाही.

श्वास येऊ दे. जाऊ दे.



आता पुण्यातला कथकचा वर्ग. मुलगी वाकते, जमिनीला हात लावते, तो डोळ्यांना लावते. तुझ्यावर पाय आपटणार आहे, माफ कर.

तीही थांबते. समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर. ती सम कुठे येणार, हे तबलजीला ठाऊक, समोर बसलेल्यांनाही. माना आधीच तयार असतात. ब्रॉन्क्समधला तो मुलगा कुठे थांबणार, ते थांबल्यावरच कळतं.

दोन्ही एकच, असं म्हणावंसं वाटतं. घाई नको. ती जमिनीची माफी मागते. तो माफी मागत नाही, अख्खं अंग जमिनीवर सोपवतो.

दोन हात. वेगळे राहू देत.

तुमचा तिसरा. तो अजून तिथेच आहे ना?

ऐका त्याला. मनगटात काहीतरी ठुसठुसतंय, बारीक.

आता सावकाश उचला.

फरशीवर दमट ठसा आहे. पाच बोटं, मधे पोकळ जागा.

बघत राहा. कडांकडून तो वाळत चाललाय.