न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी आपण कसे वागतो?



माणसाच्या नीतीची खरी परीक्षा कोठे होते? चारचौघांत होत नाही. तेथे ओळख असते, लाज असते, उद्या पुन्हा तोंड दाखवावयाचे असते. जेथे आपले नाव कोणास ठाऊक नाही आणि समोरच्याची पुन्हा गाठ पडण्याचा संभव नाही, तेथे माणूस कसा वागतो यावरूनच त्याची नीती कळते. आपल्या घरांतील तरुण मुले आज अशाच एका ठिकाणी रोज जाऊन बसतात. ते ठिकाण म्हणजे इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळावयाचे चुरशीचे खेळ.

'व्हॅलोरंट' या खेळाचे उदाहरण घ्या. त्यात पाच विरुद्ध पाच अशी लढत होते आणि जो संघ प्रथम 13 फेऱ्या जिंकतो तो सामान्यतः विजयी ठरतो. सोबतचे चार गडी पुष्कळदा अगदी अनोळखी असतात. कोणी नागपूरचा, कोणी चेन्नईचा. खेळता खेळता ते एकमेकांशी बोलू शकतात. एखाद्याचा नेम चुकला की त्याच्या आईबहिणीचा उद्धार सुरू होतो. मग त्याची भाषा, त्याचा प्रांत, त्याचा रंग आणि त्याची जातही निघते. मुलीचा आवाज ऐकू आला तर विचारावयासच नको. म्हणून कित्येक मुली आपला आवाज बंद ठेवून खेळतात. ज्या खेळात बोलण्यावाचून संघ चालत नाही, त्या खेळात तिला मुकी होऊन खेळावे लागते. हा न्याय आहे काय?

कोणी म्हणेल, "अहो, हा तर खेळ! शब्दांनी कोणाच्या अंगाला भोके पडत नाहीत." हा युक्तिवाद आपणांस नवा नाही. शब्दांनीच माणसाला वेशीबाहेर ठेवता येते, हे ज्यांच्या पूर्वजांनी भोगले त्यांना तो पटावयाचा कसा? खेळातील बंदूक खोटी असते, मरण खोटे असते. परंतु ऐकणारा कान खरा असतो.

या ठिकाणी पुण्याच्या मैदानावर नाव काढलेले गोलंदाज पालवणकर बाळू यांची आठवण होते. 1937 साली त्यांनी मुंबईत बाबासाहेबांच्या विरुद्ध निवडणूक लढविली आणि ते हरले, हे आपणांस ठाऊक आहे. तरीही विरोधकाचे गुण मान्य करणे हाच खिलाडूपणा आहे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना चालत असे. पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. मैदानावर गुण पाहत. मैदानाबाहेर जात पाहत.

आता पाहा. आजच्या खेळाडूला टोपणनाव घेऊन खेळता येते. आडनाव कोणी विचारीत नाही, गाव कोणी विचारीत नाही. केवळ कौशल्यावर माणसाची किंमत व्हावी, असे हे मैदान! परंतु जे निनावीपण जात झाकते, तेच निनावीपण जबाबदारीही झाकते. ज्याला समतेची संधी मिळाली त्यानेच तिचा उपयोग दुसऱ्याला हिणविण्यासाठी केला, तर बाळूंना वेगळे भांडे देणारा आणि तो यांत फरक काय उरला?

नियम करून हे थांबेल काय? काही अंशी थांबेल. 2018 साली शांघाय येथील एका 'काउंटर-स्ट्राइक' स्पर्धेत भारतीय संघाचा एक खेळाडू नेम साधून देणारी लबाड आज्ञावली वापरताना सापडला. संपूर्ण संघ बाद झाला आणि त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. एकाच्या लबाडीने चौघांची मेहनत पाण्यात गेली. 'लीग ऑफ लेजेंड्स' या खेळाने 2012 साली चांगल्या वागणुकीबद्दल खेळाडूंनीच एकमेकांचा गौरव करण्याची सोय केली. शिक्षा हवी आणि गौरवही हवा. परंतु एक खाते बंद झाले तर माणूस दुसरे उघडतो. खाते नवे होते. माणूस जुनाच राहतो.

शिवाय पुष्कळ गोष्टी नियमाच्या चिमटीत सापडत नाहीत. तरबेज खेळाडू नवे खाते काढून नवशिक्यांत शिरतो आणि त्यांना झोडपून विजय मिळवितो. हरू लागताच एखादा डाव अर्धवट सोडून निघून जातो आणि उरलेल्या चौघांना पाचांशी लढावयास लावतो. डाव संपल्यावर 'जीजी', म्हणजे 'खेळ छान झाला', असे म्हणण्याची चांगली रीत आहे. तीही कोणी पराभूताला डिवचण्यासाठी वापरतो. शब्द तोच, हेतू निराळा. हेतूवर पहारा बसविणारे यंत्र नाही. तो पहारा ज्याचा त्यानेच द्यावयाचा असतो.

काहींना वाटते की चुरस आली म्हणजे वैर येणारच. हा विचार उलटा आहे. प्रतिस्पर्धी नसेल तर खेळच नाही. तो जीव तोडून खेळतो म्हणून आपल्या जिंकण्याला किंमत येते. म्हणजे तो आपला शत्रू नव्हे. आपल्या विजयातला तोही एक भागीदार आहे.

तरुण मित्रांनो, जिंका, अवश्य जिंका. लबाडीची आज्ञावली वापरू नका, हरत असलात तरी डाव शेवटपर्यंत खेळा, चुकणाऱ्या गड्याला शिवी न देता पुढची चाल सांगा. कोणी मुलीला वा कोणाच्या जातीला उद्देशून बोलला, तर गप्प बसू नका. "हे येथे चालणार नाही," एवढे एक वाक्य बोला आणि त्याची तक्रार नोंदवा. पाचांपैकी एकाने तोंड उघडले तरी ज्याचा अपमान झाला तो एकटा राहत नाही.

आणि आईबापांनो, मुलगा किती वेळ खेळतो एवढेच विचारू नका. तो तेथे कोणाशी काय बोलतो, हेही एकदा शेजारी बसून ऐका.