मुलकी, इनामदार आणि चांगल्या घरचे

निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी हवी असेल तर माणूस ‘मुलकी’ असावा लागे. १९१९च्या फर्मानाने त्याची व्याख्या पक्की केली. जन्माने संस्थानचा प्रजाजन तो मुलकी. बाहेरून आलेल्याने किमान पंधरा वर्षं इथे कायम वस्ती केलेली असावी आणि आपल्या मूळ ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडून दिला आहे, असं प्रतिज्ञापत्र द्यावं. हे शेवटचं कलम मला फार आवडतं. रहिवासाचे पुरावे सगळीच सरकारं मागतात. मनातलं गाव सोडल्याचा पुरावा मागणारं सरकार विरळाच.

हा नियम आला तो दुबळ्यांची ढाल म्हणून. पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षं दिवाण होते. कारभार नव्याने उभा करायला त्यांनी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसं आणवली. १८८०च्या दशकात कचेऱ्यांतून फारसी गेली, उर्दू आली आणि बाहेरच्यांचं आणखीच फावलं. इथल्या घराण्यांतली पोरं मागे पडली. मुलकी विरुद्ध गैरमुलकी हा झगडा तिथून सुरू होतो. १९५२ साली हैदराबादचे विद्यार्थी ‘गैरमुलकी परत जा’ म्हणत रस्त्यावर आले, खोट्या मुलकी दाखल्यांविरुद्ध बोंब उठली आणि सप्टेंबरात सिटी कॉलेजपाशी गोळीबार होऊन माणसं मेली. वीस वर्षांनी, १९७२च्या ऑक्टोबरात, सर्वोच्च न्यायालयाने हे नियम वैध ठरवले, तेव्हा पेटलं ते आंध्र. तेलंगणात ज्याला हक्क म्हणत त्यालाच किनारी आंध्रात पक्षपात म्हणत. शेवटी १९७३ची बत्तिसावी घटनादुरुस्ती आली आणि ‘मुलकी’च्या जागी ‘स्थानिक उमेदवार’ बसला.

विशेष लाभासाठी दखनी मुलखात शब्दांची कधी वानवा नव्हती: इनाम, वतन, मिरास, मनसब, मक्ता, जहागीर. यातल्या बहुतेकांमागे सनद असे, म्हणजे कागद, आणि कागदावर शिक्का. संस्थानातली तीसेक टक्के जमीन जहागीरदारांकडे होती. आणखी दहाएक टक्के ‘सर्फ-ए-खास’, म्हणजे निजामाची खासगी. त्यात पायगा या बड्या सरदार घराण्यांचा रुबाब असा की त्यांची स्वतःची न्यायालयं आणि पोलीस होते. १९४९च्या ऑगस्टमध्ये एका विनियमाने जहागिरी संपल्या. १९७१मध्ये देशभरच्या संस्थानिकांचे तनखेही गेले. कागदाने दिलेलं कागदाने काढून घेता आलं.

बोलीत मात्र ते उरलं. ‘तुझ्या बापाची जहागीर आहे का?’ हे ज्याच्या सात पिढ्यांनी जहागीर पाहिली नाही तोही विचारतो. हैदराबादच्या महसुली दप्तरात तर ते अजून नांदतंय. हायटेक सिटीलगत काचेचे मनोरे उभे आहेत तिथल्या गावांची नावं रायदुर्ग पायगा, रायदुर्ग पानमक्ता, रायदुर्ग नवखालसा. कुठली जमीन पायग्याची, कुठली मक्त्याची आणि कुठली नव्याने खालसा झालेली, हे त्या नावांतच लिहिलेलं आहे. जगभराचं सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी तिथूनच ये-जा करतात.

आता मराठी माणसाकडे येतो. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांचा माणूस जन्माने मुलकी. पण कचेरीची भाषा उर्दू, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या मोडी आणि फारसी दप्तरं होती, त्यांनी उर्दू पटकन आत्मसात केली. त्यातून वकील झाले, न्यायाधीश झाले, तहसीलदार झाले. केशवराव कोरटकर हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १९०७मध्ये मराठी मुलांसाठी हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळा निघाली त्यामागे तेही होते. स्वतःपाशी होतं ते पुढे वाटणारी अशी माणसं होती, हे नोंदवलंच पाहिजे. पण त्याच नांदेडात महारवाड्यातला पोरगाही फर्मानाच्या प्रत्येक कलमानुसार मुलकीच होता. पंधरा वर्षंच काय, पंधरा पिढ्या तो तिथलाच. परत जायला त्याला दुसरं गावही नव्हतं. त्याला अडवणारी अट कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती आणि कुलकर्ण्याच्या मुलाला पुढे नेणारी सनदही कोणी काढलेली नव्हती.

माझा मुद्दा एवढाच आहे की, ज्याच्या लाभाला कागद असतो तोच लाभार्थी म्हणून डोळ्यांत भरतो. दुसऱ्याला आपण नुसतं ‘चांगल्या घरचा’ म्हणतो. सुखवस्तू, सुसंस्कृत, शिकल्या-सवरलेल्या घरातला... यातल्या एकाही विशेषणात मिळकत दिसत नाही, सगळा स्वभाव दिसतो. घरात पुस्तकं होती, काका मुंबईत होते, परीक्षेचा अर्ज कुठे मिळतो हे आईला ठाऊक होतं. याला ना दाखला लागतो, ना पडताळणी समिती बसते, ना मोर्चा निघतो.

अलीकडेच मराठवाडा पुन्हा हैदराबादच्या दप्तरांकडे गेला. मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने निजामकाळची कागदपत्रं धुंडाळली आणि मुंबईत आझाद मैदानावर मराठा आरक्षणासाठी झालेल्या उपोषणानंतर २ सप्टेंबर २०२५ला ‘हैदराबाद गॅझेट’च्या आधारे शासन निर्णय निघाला. त्यावर ओबीसी संघटना संतापल्या. त्यांच्या हक्कात वाटेकरी येतोय ही भीती खोटी म्हणून झटकण्यासारखी नाही. आणि कोरडवाहू दोन एकरांवर बसलेल्या मराठा शेतकऱ्याचा आक्रोशही खोटा नाही. भांडण कडू आहे. पण दोन्ही बाजू भांडतात त्या कागदावर. या वादावर वाहिन्यांवर तावातावाने ‘गुणवत्ता’ म्हणणारे पुष्कळसे कधी कुठल्या दप्तरात आपलं नाव शोधत बसलेले नाहीत. त्यांना तशी गरजच पडली नाही.

पुणे-नाशिकहून हैदराबादच्या गच्चीबावलीत आलेल्या आमच्या मुलांना आज पंधरा वर्षांची वस्ती कोणी विचारत नाही. खासगी कंपनीला मुलकी-गैरमुलकी लागू नाही, आणि मूळ गावी परतण्याचा विचार तर दर गणपतीला उचल खातो. मात्र नोकरी कशी लागली हे त्यांना विचारून पाहा. कॉलेजातल्या सीनियरने नाव पुढे दिलं, असं बरेच जण सांगतात. सरकारी कचेरीतल्या कारकुनाने भाच्यासाठी एवढं केलं तर त्याला आपण वशिला म्हणतो आणि नाक मुरडतो. इथे त्याला ‘रेफरल’ म्हणतात, त्याचा रकाना अर्जातच छापलेला असतो, आणि नाव सुचवणाऱ्याला बहुधा बोनसही मिळतो.