पडलेले दान

गेल्या मे महिन्यात वेदीसेवक मुलांचे शिबिर चालू असता दुपारच्या विश्रांतीच्या वेळी धर्मगुरुनिवासाच्या ओट्यावर एक खेळ रंगला होता. कुणा मुलाच्या मामाने परदेशातून आणलेला तो पट. त्यावर प्राचीन रोमची रथशर्यत, चार रंगांचे चार चिमुकले रथ आणि दोन फासे. जितके दान पडेल तितकी घरे रथ पुढे न्यायचा, आणि वळणावर दान जास्त पडले तर रथ उलटायचा. सबंध शर्यतभर पुढे असलेला एक मुलगा अखेरच्या वळणावर हरला. डोळ्यांत पाणी आणून तो आम्हांस म्हणाला, "फादर, माझी काहीच चूक नव्हती. मग मी का हरलो?" आम्ही "अरे, खेळच तो, पुन्हा मांडा" असे म्हणून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनात राहिला. चूक नसताना हरणे हा अन्याय आहे काय?

पोरांच्या खेळावर एवढा खल कशाला, असे वाचकांस वाटेल. परंतु रोमच्या एका सम्राटावरही हीच वेळ आली होती. पूर्वेकडील साम्राज्यावर इ. स. ४७४ पासून ४९१ पर्यंत अधिकार गाजविणारा झेनो हा 'टॅब्युला' नावाचा खेळ खेळत असे. चोवीस घरांचा पट, प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या आणि तीन फासे. आपल्या सारीपाटासारखी तीही शर्यतच. एकदा सम्राटाचा डाव उत्तम बसलेला असता फाशांवर दोन, सहा आणि पाच पडले. नियमाप्रमाणे चाल करणे भाग होते. जोडीने सुरक्षित बसलेल्या सोंगट्या मोडाव्या लागल्या आणि आठ सोंगट्या एकेकट्या उघड्यावर पडल्या. पुढल्या शतकात अगाथियास या कवीने त्या डावावर कविता रचली, म्हणून तो आज आपल्याला ठाऊक आहे. ज्याच्या शब्दावर सैन्ये हलत त्याचा शब्द तीन फाशांनी मानला नाही.

आणि त्यांनी तो मानू नये, हीच तर खेळणाऱ्यांची इच्छा असते. रोमन लोक कित्येकदा फासे हातातून न टाकता एका लहानशा मनोऱ्यातून सोडीत. १९८५ साली जर्मनीत फ्रॉइट्सहाइम येथे चौथ्या शतकातील असा एक धातूचा मनोरा सापडला. आत तिरप्या पट्ट्या. त्यांवर आपटत फासे खाली येतात, त्यामुळे टाकणाऱ्याची हातचलाखी चालत नाही. माणसाने दैवावर विश्वास ठेवला तो शेजाऱ्याच्या हातावर विश्वास नव्हता म्हणून! तेव्हा त्या मुलावर अन्याय झाला नाही, असे आम्ही म्हणू. फासे सर्वांना सारखे होते, नियम सारखे होते, कुणाचा हात मध्ये आला नव्हता. तो हरला, पण त्याला कुणी हरविले नाही. (फासे मुलांच्या हाती द्यावेत का, असे एका मातेने त्याच दिवशी विचारले. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्विरा येथील धर्मपरिषदेने पैसे लावून फासे खेळणाऱ्या ख्रिस्ती माणसाला कम्युनियनपासून दूर ठेविले होते, हे खरे. पण तो कटाक्ष पैशांवर होता. ओट्यावर पैसे नव्हते, आंबे होते, तेही खाऊन संपलेले.)

पण पटावरचे रथ ज्या शर्यतीची नक्कल करतात, तिथे गोष्ट वेगळी होती. पॅलेटाइन आणि अव्हेंटाइन या टेकड्यांमधील 'सर्कस मॅक्सिमस' मैदानात एका वेळी बारापर्यंत रथ सुटत आणि सात फेऱ्या घेत. कुणी कोणत्या दारातून सुटायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरे. इथवर सारे न्यायाचेच. परंतु रथावर उभा असलेला माणूस बहुधा गुलाम असे किंवा गुलामगिरीतून सुटलेला. लगाम त्याच्या कमरेला गुंडाळलेले असत, आणि रथ मोडला तर ते कापण्यासाठी जवळ एक वाकडी सुरी. स्कॉर्पस नावाचा सारथी २०४८ शर्यती जिंकला आणि वयाच्या सुमारे सत्ताविसाव्या वर्षी मरण पावला. कुठले दार मिळेल हे चिठ्ठी ठरवी. रथावर कुणाला उभे करायचे हे मात्र मालक ठरवी. पहिल्याला दैव म्हणावे, दुसऱ्याला कसे म्हणावे?

आपल्या भाषेत फासा पडण्याला 'दान' म्हणतात. दान म्हटले की देणारा आलाच. संत थॉमस अक्वायनस यांनी एक साधे उदाहरण दिले आहे. एक धनी दोन चाकरांना एकमेकांस नकळत एकाच जागी पाठवितो. त्यांची भेट होते. त्यांना ती योगायोग वाटते, धन्याच्या दृष्टीने ती ठरलेलीच असते. सेमिनरीत असताना हे उदाहरण आम्हांस फार समाधान देई. आज इतकेच जाणवते की चाकरांना धन्याचे मन ठाऊक नाही, आणि आम्हीही चाकरच आहोत, जरी झगा घालून बोलत असलो तरी.

हे लिहिण्याचे खरे कारण आता सांगावे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण इमारतीच्या कामावर असताना परांचीवरून पडून गेला. त्याच्या दफनविधीत आम्ही प्रवचन केले, त्याच्या वडिलांचा हात हाती घेतला आणि "परमेश्वराची इच्छा" असे म्हणालो. पुढे कळले की त्या कामावर कुणाच्याही कमरेला पट्टा नव्हता, दोर नव्हता. मागितला तर उद्यापासून येऊ नकोस, असे उत्तर मिळे. ज्या दानात माणसाचा हात होता ते आम्ही देवाच्या नावावर टाकले. दिलासा द्यावा हाच हेतू होता. पण त्या शब्दांनी, ज्याचा हात होता त्याचीच सोय झाली.

शिबिर संपल्यावर आम्ही त्या घरी गेलो. वडील अंगणात नारळ सोलत होते. आम्ही ते वाक्य परत घेतले. बोलताना शब्द नीट जुळले नाहीत. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "फादर, आम्हांला ते तेव्हाच ठाऊक होते. तुम्ही धीर देत होता, म्हणून गप्प राहिलो." मग त्यांनी पुण्यतिथीच्या मिस्सेसाठी सकाळची वेळ मिळेल का, असे विचारले.