बंड फसलं ते बरं झालं?

२० जुलै १९४४ च्या बॉम्बस्फोटात हिटलर मेला असता तर काय झालं असतं? या प्रश्नावर अनेक विचारी माणसंही एक विचित्र समाधान मानून घेतात: बंड फसलं तेच बरं झालं. सेनापतींनी हिटलरला मारून तह केला असता, तर १९१८ नंतर झालं तसं ‘सैन्य हरलंच नव्हतं, घरभेद्यांनी पाठीत खंजीर खुपसला’ हे पालुपद पुन्हा सुरू झालं असतं. बर्लिन बेचिराख झालं म्हणूनच जर्मनी शहाणा झाला, असा हा युक्तिवाद. मला तो मुळीच पटत नाही.

यश फार दूर नव्हतं. बॉम्ब ठेवणारे कर्नल श्टाउफेनबर्ग यांनी ट्युनिशियात डावा डोळा, उजवा हात आणि डाव्या हाताची दोन बोटं गमावली होती. रास्टेनबुर्गजवळच्या मुख्यालयात उरलेल्या तीन बोटांत पक्कड धरून ते स्फोटकं तयार करत होते. तेवढ्यात बैठकीचं बोलावणं आलं आणि दोनपैकी एकच स्फोटक तयार होऊ शकलं. ते दुपारी १२.४२ ला फुटलं, पण मधे टेबलाचा जाडजूड आधार आला. बर्लिनमध्ये बंडाचे हुकूम सुटायला आणखी काही तास गेले. संध्याकाळी गोबेल्सने बर्लिनच्या रक्षक पलटणीचा प्रमुख मेजर रेमर याच्या हाती फोन दिला आणि पलीकडून हिटलरचा आवाज आला. त्या आवाजाने बंड मोडलं. पॅरिसमध्ये मात्र त्याच रात्री कटातले जनरल स्ट्युल्पनागेल यांच्या हुकमाने एसएस आणि गेस्टापोची माणसं फारसा प्रतिकार न करता कोठडीत गेली होती.

कटवाले संत नव्हते. त्यांच्यात आर्थर नेबेही होता. पूर्वेकडे हजारो ज्यूंची कत्तल करणाऱ्या पथकाचा हा प्रमुख. नियोजित चान्सलर ग्योर्डेलर यांना ऑस्ट्रिया आणि सुडेटनलँड हातचे सोडायचे नव्हते. दोस्त राष्ट्रांनी हे मान्य केलं नसतं. जानेवारी १९४३ मध्येच कासाब्लांकात रूझवेल्टनी बिनशर्त शरणागतीची अट जाहीर केली होती. म्हणजे नवं सरकार काही आठवडे घासाघीस करत बसलं असतं, कदाचित एसएसशी लढतही. मुसोलिनीला हटवूनही इटलीला शांतता लाभली नाही, हे खरं. पण तिथे जर्मन फौजा चढून बसल्या होत्या. जर्मनीच्या छातीवर बसायला दुसरा जर्मनी नव्हता. पूर्वेची आघाडी कोसळत होती, दोस्त फौजा नॉर्मंडीत उतरल्या होत्या. माझ्या मते, वर्ष संपायच्या आत युद्ध आटोपलं असतं.

त्या वाचलेल्या महिन्यांत काय काय येतं, ते पाहा. जर्मन सैन्याचे जवळपास निम्मे मृत्यू त्या जुलैनंतरचे आहेत. ऑगस्टमध्ये लोड्झच्या वस्तीतून ६०,००० हून अधिक ज्यू आउश्वित्झला नेले गेले. वॉर्सा जमीनदोस्त झालं. इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे बॉम्बस्फोटाच्या दहाच दिवस आधी, १० जुलैला पडले होते. त्यांना कोणतंही बंड वाचवू शकलं नसतं. पण त्याच रेजिमेंटचे नामदेव जाधव एप्रिल १९४५ मध्येही सेनिओ नदीच्या काठावर गोळीबारातून जखमी सोबत्यांना पाठीवर आणत होते. जर्मनीच्या शिकवणीची फी या लोकांनी का भरायची होती?

शिवाय त्या राखेतूनही धडा आपोआप उगवला नाही. तोच रेमर युद्धानंतर सोशालिस्ट राइख पार्टीचा पुढारी झाला. कटवाल्यांना तो जाहीर सभांतून देशद्रोही म्हणे, आणि १९५१ मध्ये लोअर सॅक्सनीत त्याच्या पक्षाला ११ टक्के मतं मिळाली. शहरं अजून पुरती उभीही राहिली नव्हती. त्याला कोर्टात खेचलं ते फ्रिट्झ बाउअर यांनी. नाझींच्या छळछावणीत राहून आलेले, परागंदा झालेले हे ज्यू सरकारी वकील. १९५२ मध्ये ब्राउनश्वाइगच्या न्यायालयात त्यांनी इतिहासकारांना आणि धर्मशास्त्राच्या अभ्यासकांना साक्षीला उभं केलं, आणि नाझी राज्याविरुद्ध उठणं हा देशद्रोह ठरत नाही, हे मांडून रेमरला शिक्षा मिळवली.