डोळा डावा, खांदा उजवा

अंथुर्ण्यासारख्या गावातलं पोर गोटी मारताना एक डोळा मिटतं. बेचकीनं चिंच पाडतानाही तेच करतं. जागच्या जागी असलेल्या लक्ष्याला ते चालून जातं. ट्रॅप या शॉटगनच्या नेमबाजीत मात्र 110 मिलिमीटर व्यासाची चकती ताशी 100 किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं सुटते आणि नेमबाजापासून लांब पळते. तिचं अंतर आणि वेग जोखायला दोन्ही डोळे उघडे हवेत. अडचण इथंच सुरू होते, कारण दोहोंपैकी एक डोळा म्होरक्या असतो. सुमारे दोन तृतीयांश माणसांचा तो उजवा असतो, बाकी बहुतेकांचा डावा. डावखुरी माणसं मात्र दहात एखादंच. म्हणजे उजव्या हाताची कितीतरी मुलं डाव्या डोळ्यानं नेम धरतात, आणि ते त्यांच्या गावीही नसतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिस ऑलिंपिकला रायफलमध्ये कांस्य जिंकलं. त्याच्या रायफलीला पुढं आणि मागं, दोन्हीकडं नेम धरण्यासाठी वेधक असतो. शॉटगनला मागचा वेधकच नाही. तिथं नेमबाजाचा डोळा हाच वेधक. डोळ्यापासून नळीच्या टोकावरच्या मण्यापर्यंतचं अंतर साधारण एक मीटर. गाल दस्त्यावर एक मिलिमीटर वर-खाली झाला, तरी 35 मीटरवर नेम साडेतीन सेंटिमीटर सरकतो. बंदूक उजव्या खांद्याला आणि नेम डाव्या डोळ्याचा असेल, तर मार चकतीच्या डावीकडं जवळजवळ दोन मीटर जातो. छर्रे पसरतात ते जेमतेम मीटरभर. पोरगं कितीही मन लावून उभं राहिलं तरी चकती फुटणार कशी?

तरीही आपण त्यालाच बोलतो. लक्ष दे, घाबरू नकोस, अमक्याचा मुलगा बघ. मला हा सरळ अन्याय वाटतो.

बंदुकीच्या मापाचंही तसंच. साडेतीन किलोची, मोठ्या माणसाच्या मापाची बंदूक आपण बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या हाती देतो, जणू वाढत्या अंगाचा गणवेश. दस्ता लांब पडला की ती मागं रेलते, दस्ता खांद्यावरून दंडाकडं घसरतो, गाल नीट टेकत नाही. मग धक्का गालाला आणि दंडाला बसतो. काळेनिळे वळ उठले की पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच तिचे डोळे मिटतात. ती भित्री नसते, तिला दुखलेलं असतं. दस्त्याची लांबी आणि गालाखालची उंची कमी-जास्त करता येते. वजनाला हलकी, वीस बोअरची बंदूकही मिळते.

डोळा तपासायला तर एक पैसाही लागत नाही. हात पुढं ताणून दोन्ही पंजांमध्ये रुपयाएवढी फट ठेवायची. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरचा विजेचा खांब त्या फटीत धरायचा, मग आळीपाळीनं एकेक डोळा मिटायचा. ज्या एकट्या डोळ्याला खांब फटीतच दिसत राहतो, तो म्होरक्या. तो डावा निघाला आणि मूल नवखं असलं, तर बंदूक डाव्या खांद्यालाच शिकवावी, असं माझं मत आहे. सवय अजून मुरलेली नसते, त्यामुळं पहिले काही दिवस अवघडल्यासारखं होतं एवढंच. खांदा बदलणं जमत नसेल, तर चष्म्याच्या डाव्या काचेवर धूसर पट्टीचा छोटा तुकडा लावूनही काम भागतं.

वाढत्या वयात डोळ्याचा हा कौल पक्का नसतो, आणि हात-मान तर बघता बघता लांबतात. तेव्हा पोराला रेंजवर नेणाऱ्या आई-वडिलांनो, पहिलं काडतूस भरण्याआधी प्रशिक्षकांकडून डोळा तपासून घ्या, दस्ता त्याच्या अंगाच्या मापाचा करून मागा, आणि दर सहा महिन्यांनी दोन्ही पुन्हा बघा.